रात्री जेवायला गेलेल्या बायका



चीनच्या हेबेई प्रांतातले तांगशान शहर. १० जून २०२२ची पहाट, अडीच वाजून गेलेले. सळईवर मांस भाजून देणाऱ्या एका खानावळीत काही मैत्रिणी जेवत होत्या. एक पुरुष आला, त्याने एकीच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला. एवढ्यावरून त्याने तिला मारले, आणि मैत्रिणी मधे पडताच त्याचे टोळके त्यांच्यावर तुटून पडले. एकीला तर केसांना धरून रस्त्यावर फरफटत नेले. चौघी जखमी झाल्या. दुकानातल्या कॅमेऱ्याने टिपलेले हे दृश्य देशभर पोचले.

सरकारी चौकशीनुसार पोलिसांना फोन गेला २ वाजून ४१ मिनिटांनी. ते पोचले ३ वाजून ९ मिनिटांनी. तोवर मारेकरी पसार झाले होते. सप्टेंबर २०२२मध्ये न्यायालयाने मुख्य आरोपीला २४ वर्षांची शिक्षा दिली. पण ती टोळीच्या जुन्या-नव्या सगळ्या गुन्ह्यांची मिळून. म्हणजे शिक्षा झाली ती गुंडगिरीला. नकार दिला म्हणून बाईला मारले, हे उघड बोलणाऱ्यांची खाती मात्र ‘स्त्री-पुरुषांत तेढ वाढवता’ असे म्हणत समाजमाध्यमांवर बंद केली गेली. गुंड तुरुंगात गेले, प्रश्नाचे नाव मात्र पुसले गेले.

हे दूरच्या देशातले म्हणून सोडून द्यावे का? आपल्याकडे रात्री भुर्जीपावाच्या गाडीभोवती कोण उभे असते, ते एकदा बघा. रात्रपाळीची नर्स आपल्याला चालते, दवाखान्यात बसलेली आई चालते, जागरणाला निघालेली बाई चालते. कारण त्या कुणासाठी तरी जागतात. केवळ भूक लागली, गप्पा मारायच्या होत्या म्हणून बाहेर पडलेली बाई मात्र ‘तसली’ ठरते. तिच्यावर हात पडला की पहिला प्रश्न तिलाच: एवढ्या रात्री काय काम होते?

कायदाही या नजरेतून पुरता सुटलेला नाही. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीने काम करू दिले. सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहन ही मालकाची जबाबदारी ठरवली. चांगलेच झाले. पण हे संरक्षण कामावरच्या बाईला. जी कामावर नाही तिच्यासाठी शेवटची बस, उजेड, स्वच्छतागृह कोण बघणार? आणि संकट आले की उपाय ठरलेला: बायकांनी घरी बसावे. ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्यात डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. सरकारने काय सुचवले? शक्यतो बायकांना रात्रपाळी नको! त्यावर सर्वोच्च न्यायालयाला सुनवावे लागले की काम थांबवू नका, सुरक्षितता द्या.

म्हणून ‘रात्री जपून जा’ एवढा सल्ला आपण तरी देऊ नये. दुकाने लवकर बंद करा, ही मागणीही आपली नाही. त्यात गाडी चालवणाऱ्या बाईचेच पोट मारले जाते. आपल्या गावात, वस्तीत रात्री दहानंतर बायका कुठे बसू शकतात, परत कशा येतात, याची पाहणी गटागटाने करा. एकटीच्या धीटपणावर हे सोपवू नका. दहाजणी मिळून जा, पोटभर जेवा, आणि काय दिसले ते आम्हाला कळवा. त्यातूनच पुढच्या मागण्या ठरवू.

– संपादक मंडळ