निळ्या पडद्याचा पंचनामा

घरच्या संगणकावर काम चालू असता एकाएकी पडदा निळा होतो, दोन-चार ओळी उमटतात आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. हे आठवड्यातून तीनदा घडू लागले, की संगणक दुरुस्तीच्या दुकानात जातो आणि तेथे बहुधा एकच निदान ऐकू येते : 'फॉरमॅट मारावा लागेल!' विद्यार्थ्यांची गुणपत्रके, प्रबंधाचा मसुदा, घरची छायाचित्रे यांवर पाणी सोडून यंत्र परत येते आणि पंधरवड्याने पडदा पुन्हा निळा होतो. यात नवल नाही. दोष रॅमच्या पट्टीत असेल, तर नव्याने भरलेले विंडोजही त्याच सदोष पट्टीवर चालत असते.

मुळात निळा पडदा हा रोगच नव्हे. सुखरूप पुढे जाता येणार नाही असा दोष गाभ्यात आढळला, की काम तसेच रेटून साठवलेली माहिती बिघडवण्यापेक्षा विंडोज स्वतःहून थांबते. थांबताना दोषाचे नाव पडद्यावर लिहिते आणि ती सोय बंद नसेल, तर त्या क्षणाची नोंद विंडोजच्या फोल्डरात 'मिनीडम्प' या नावाखाली ठेवते. हा अपघाताचा पंचनामाच होय. डिस्क पुसली, की तोही जातो.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने धाडलेल्या एका सदोष फाइलीमुळे, मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख यंत्रे निळी पडली. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय सांगितला गेला तो मात्र इतकाच, की यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करून ती एक फाइल पुसावी. दोषी कोण हे कळले होते, म्हणून बाकीच्या माहितीला हात लावावा लागला नाही.

घरीही हाच क्रम हवा. महत्त्वाच्या फायलींची प्रत प्रथम बाहेर काढावी. मग यंत्राचे आपोआप सुरू होणे 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मधून बंद करावे, म्हणजे पडदा वाचण्याइतका टिकतो. मोबाइलने त्याचे छायाचित्र घ्यावे. दर वेळी तेच नाव आणि तीच ड्रायव्हर फाइल दिसत असेल, तर संशय त्या ड्रायव्हरवर. नावे दर खेपेस बदलत असतील, तर बहुधा रॅम, उष्णता किंवा वीजपुरवठा तपासावा लागतो. विंडोजचीच 'मेमरी डायग्नोस्टिक' ही चाचणी फुकट आहे. पट्ट्या दोन असतील, तर एकेक काढून यंत्र चालवून पाहावे. रॅमचे टोक खोडरबराने पुसणाऱ्या कारागिराची चेष्टाही कोणी करू नये. मळलेला जोड हे खरेच कारण असू शकते.

दोष केवळ दुकानदाराचा आहे, असे नाही. २०१२ च्या विंडोज ८ पासून कंपनीने या पडद्यावर उदास चेहरा आणला आणि तपशील कमी केला. २०२५ मध्ये विंडोज ११ चा पडदा काळा झाला, पण त्यावर दोषाचे आणि शक्य तेथे ड्रायव्हरचे नाव ठेवले गेले, हे बरे झाले. ग्राहकही निदानाचे पैसे द्यायला तयार नसतो. रॅमची चाचणी रात्रभर चालू शकते. फॉरमॅट तासा-दोन तासांत उरकतो आणि त्याचे बिल विनातक्रार चुकते होते. तपासणीचे वेगळे शुल्क द्यायची तयारी ठेवली, तर 'कोड कोणता होता?' हा प्रश्न दुकानात हक्काने विचारता येईल, आणि उत्तर मिळेपर्यंत डिस्कला हात लावू नका, असेही बजावता येईल.