आरशातली तबकडी

शाळेच्या संगणकात गुणपत्रके असतात, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे असतात, आणि एखाद्या हौशी शाळेत पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदीही असतात. गुणपत्रक पुन्हा तयार करता येईल. पण पाच वर्षांपूर्वी पडलेला पाऊस पुन्हा कसा मोजणार? ही माहिती बहुधा मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या चुंबकीय तबकडीवर असते. आणि फिरणारे यंत्र कधी ना कधी बंद पडतेच.

यावरचा उपाय साधा आहे. संगणकाला दोन तबकड्या जोडायच्या आणि लिहायचे ते दोन्हींवर एकाच वेळी लिहायचे. एक बंद पडली तरी दुसरीवर काम चालू राहते. दुसरी जणू पहिलीचे आरशातले प्रतिबिंबच! १९७६ मध्ये आलेल्या टँडम कंपनीच्या अखंड चालणाऱ्या संगणकांत ही युक्ती होती. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी तबकड्या जोडण्याच्या अशा पद्धतींना ‘रेड’ हे नाव दिले. त्यांच्या यादीत आरशाचा क्रमांक पहिला. आज लिनक्सवर ही सोय फुकट मिळते. खर्च काय तो एका जादा तबकडीचा.

आता थोडे गणित. एक तबकडी वर्षभरात बिघडण्याची शक्यता शंभरात दोन धरू. मग त्याच वर्षात दोन्ही बिघडण्याची शक्यता दहा हजारांत चार. पण थांबा! हा गुणाकार दोन्ही घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच खरा. आपल्या तबकड्या तर एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच पेटीत तापणाऱ्या आणि विजेचा एकच झटका खाणाऱ्या. म्हणून शक्य तर त्या वेगवेगळ्या वेळी घ्याव्यात.

माझी खरी तक्रार मात्र वेगळीच आहे. ही पद्धत बिघाड सोसते, आणि सोसता सोसता तो लपवतेही. एक तबकडी बंद पडली तरी पडद्यावर सारे पूर्वीसारखेच दिसते. लिनक्सच्या ‘एमडीस्टॅट’ या नोंदीत दोन्ही तबकड्या ठीक असताना दोन ‘यू’ अक्षरे दिसतात. एक गेली की तिच्या जागी आडवी रेघ येते. पण ती नोंद उघडतो कोण? चार टेराबाइटची नवी तबकडी सेकंदाला दीडशे मेगाबाइट या वेगाने भरायला सुमारे साडेसात तास लागतात. धोका तेवढ्या तासांपुरता राहावा, तो कोणी पाहिलेच नाही म्हणून सात महिने चालू राहतो! ‘हे विक्रेत्याचे काम, मुलांनी हात लावू नये’ हे म्हणणे मला मुळीच पटत नाही. रोज पाऊस मोजणारी मुले महिन्यातून एकदा दोन अक्षरे नक्कीच पाहू शकतील.

शिवाय आरसा आज्ञाधारक असतो. तुम्ही फाइल पुसलीत की तो तीच फाइल तत्परतेने दुसरीकडूनही पुसतो. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या बहुतेक फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या, आणि राखीव प्रतीही सदोष निघाल्या. चित्रपट वाचला तो एका तंत्रज्ञ बाईंच्या घरच्या संगणकात असलेल्या प्रतीमुळे. म्हणून तिसरी प्रत शाळेबाहेर हवीच.

ती प्रत हाती असली की शिक्षकांच्या देखरेखीखाली एक प्रयोग करा. संगणक बंद करून एका तबकडीची तार काढा, पुन्हा सुरू करा आणि पावसाची वही उघडते का ते पाहा. आडवी रेघ दिसली का? मग संगणक बंद करून तार जोडा आणि सुरू झाल्यावर त्या तबकडीला जोडीत परत घ्यायची आज्ञा द्या. दोन ‘यू’ पुन्हा दिसेपर्यंत दुसरीला हात लावू नका. तिची पाळी पुढच्या महिन्यात.