सांगलीच्या उन्हाळ्यात पीसीला लिक्विड कूलर बसवावा का?

सांगली-मिरजेत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. सातारा उंचावर असल्यामुळे तिथे त्यातल्या त्यात बरं, पण स्लॅबखालच्या खोलीत दुपारी दोन्हीकडे सारखीच तगमग होते. नेमके हेच दिवस लग्नसराईचे. फुटेज एडिट करणारे छोटे स्टुडिओ रात्रंदिवस सुरू असतात आणि परीक्षा संपलेली पोरं गेमिंगला बसलेली असतात. पीसीचा पंखा घोंघावतो, व्हिडिओ रेंडर रेंगाळतो, आणि रील्समध्ये दिसणारा तो रंगीत दिव्यांचा लिक्विड कूलर हवाहवासा वाटू लागतो. त्याची किंमत साधारण ६ ते १५ हजार रुपये. एवढा खर्च करायचा का?

बहुतेकांसाठी उत्तर 'नको' असंच आहे.

पाणी आहे, पण गार नाही

लिक्विड कूलर म्हटलं की आत काहीतरी गारेगार फिरतंय असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातलं पाणी प्रोसेसरची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं आणि तिथले पंखे ती खोलीतल्याच हवेत सोडतात. हा काही फ्रिज नाही, त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होणं शक्यच नाही. समजा, एखाद्या कूलरवर पूर्ण लोड असताना प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा ५० अंश वर जातो. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत तो ७५ वर असेल, मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत ८८ वर. कूलर तोच, प्रोसेसर तोच, फरक फक्त हवेचा. परदेशी यूट्यूबरचे आकडे एसी खोलीतले असतात, ते जसेच्या तसे इथे लागू होत नाहीत.

आणखी एक गोम आहे. पाणी तापायला वेळ लागतो, म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं लिक्विड कूलरचे आकडे छान दिसतात. तीन तासांच्या रेंडरमध्ये मात्र पाणीही तापतं, आणि मग २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर आणि चांगला टॉवर एअर कूलर यांच्यात बऱ्याचदा काही अंशांचाच फरक उरतो. टॉवर कूलर दोन-तीन हजारांपासून मिळतो.

प्रोसेसर कोणता आहे?

स्प्लेंडरचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं, केटीएम ३९० ड्यूकला रेडिएटर लागतो. ड्यूकचा रेडिएटर लावला म्हणून स्प्लेंडर काही ड्यूकसारखी पळत नाही. इथेही तसंच. इंटेल आय५-१२४०० चा बेस पॉवर ६५ वॅट, टर्बोमध्ये जास्तीत जास्त ११७. आय९-१४९००के मात्र २५३ वॅटपर्यंत जातो. पहिल्याला टॉवर कूलर भरपूर झाला. दुसऱ्यावर रोज तासन्‌तास रेंडरिंग होत असेल, तर ३६० मिलिमीटरच्या लिक्विड कूलरचा विचार रास्त आहे.

आकडा ९० च्या पुढे गेला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालतील असेच बनवलेत. त्रास तेव्हा, जेव्हा मर्यादा गाठल्यावर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. एचडब्ल्यूइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते दिसतं.

शिवाय प्रत्येक क्रॅशचं खापर उष्णतेवर फोडता येत नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याच्या तक्रारी २०२४ मध्ये गाजल्या. कंपनीच्या तपासात मुख्य कारण निघालं जादा व्होल्टेज. त्याच वर्षी ऑगस्टपासून बायोस अपडेटद्वारे दुरुस्ती आली आणि बाधित मॉडेल्सची वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. असा प्रोसेसर असेल तर नवा कूलर घेण्याआधी बायोस अपडेट करून घ्यावा.

आधी कॅबिनेट उघडा

साइड पॅनल काढून तोच गेम किंवा तोच रेंडर पुन्हा चालवून बघावा. तापमान ठळकपणे उतरलं, तर दोष कूलरचा नाही, कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही. पुढून काच असलेल्या देखण्या कॅबिनेटचा हा नेहमीचा रोग. जत, आटपाडी, माण, खटावकडे तर धूळच एवढी की हीटसिंकच्या पात्यांवर तिचा थर बसतो. ब्लोअरने सफाई, नवी थर्मल पेस्ट आणि एखादा जादा पंखा, हे सगळं हजारभर रुपयांत होतं. बायोसमधून पॉवर लिमिट थोडी खाली आणली तर खर्च शून्य, आणि वेगात पडणारा फरक बहुतेक कामांत जाणवतही नाही.

बंद पडला तर?

मोठ्या शहरापासून दूर असलेल्यांसाठी खरा प्रश्न हा आहे. एअर कूलरचा पंखा गेला तर काहीशे रुपयांत दुसरा मिळतो आणि संध्याकाळपर्यंत पीसी सुरू होतो. लिक्विड कूलरमध्ये पंप असतो. किर्लोस्करवाडीच्या जिल्ह्यात पंपाचं दुखणं वेगळं सांगायला नको. पण विहिरीवरची मोटर जळाली तर रिवाइंडिंग करून मिळते, इथे पंप सीलबंद असतो आणि अख्खा कूलरच वॉरंटीत पाठवावा लागतो. बदली येईपर्यंत, ऐन सीझनमध्ये, मशीन बंद. पाणी गळण्याचं प्रमाण कमी आहे, पण गळलंच तर ते बहुधा ग्राफिक्स कार्डवर पडतं.

तरीही घ्यायचाच असेल तर वॉरंटीचा काळ आणि ती कुठे मिळते हे आधी विचारून घ्यावं. रेडिएटर बसवताना पंप सर्वांत वरच्या जागी येऊ देऊ नये, आतली हवा तिथे साठते. आणि प्रोसेसरसोबत कूलर आला असेल तर तो विकून टाकू नये. पंप गेला त्या दिवशी पॉवर लिमिट कमी करून त्याच्यावरच काम उरकता येतं.