बांबूचे घर नाकारायचे असेल, तर कलम दाखवून नाकारा

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
आमची नगरपरिषद

महोदय,

माणगा बांबूच्या घराची फाइल त्रुटी काढून पुन्हा परत आली आहे. या वेळची त्रुटी एका ओळीची आहे : ‘बांधकाम साहित्याबाबत खुलासा करावा.’ हा खुलासा आराखड्याच्या पहिल्या पानावर आहे, रचना अभियंत्याच्या गणितांत आहे, सोबतच्या चाचणी अहवालात आहे आणि मागच्या प्रत्येक त्रुटीपत्राला दिलेल्या उत्तरातही आहे. प्रकरण आपल्याला ठाऊक आहे, ते पुन्हा पहिल्यापासून सांगत नाही. आवक-जावक नोंदवहीत शिक्के पडतात आणि पुढे काहीच होत नाही, हे कळून चुकल्यावर हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

कागदावर आपण खुलासे मागता. टेबलाशी मात्र आपले अभियंते स्वच्छ सांगतात, ‘मॅडम, बांबूला परवानगी कशी देणार? तात्पुरती शेड म्हणून टाका, लगेच सही करतो.’ एकदा तर याहून पुढचा सल्ला मिळाला : ‘कागदावर आरसीसी दाखवा, जागेवर काय बांधायचे ते बांधा.’ म्हणजे खरा नकाशा घेऊन आलेल्या माणसाला आपले कार्यालय खोटा नकाशा काढायला शिकवते. उद्या त्या घराला काही झाले, तर मंजूर नकाशात खांब काँक्रीटचे आणि जागेवर बांबूचे, अशी फाइल कोणाच्या सहीने उभी राहणार आहे? आणि ‘तात्पुरती शेड’ लिहिले की बँक गृहकर्जाला हात लावत नाही, विमा उतरवायला कोणी पुढे येत नाही आणि आयुष्यभराची पुंजी घातलेले घर घरपट्टीच्या रजिस्टरात झोपडीच्या रकान्यात जाऊन बसते. माझ्या ग्राहक बाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना शेड नको आहे. त्यांना घर हवे आहे.

‘बांबूला नियमच नाही,’ असे आपल्या कार्यालयात छातीठोकपणे सांगितले जाते. हे धादांत खोटे आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत सहाव्या भागाचा तिसरा विभाग लाकूड आणि बांबू यांचा आहे आणि त्यातला ‘३ ब’ हा उपविभाग पूर्णपणे बांबूचा आहे. हा उपविभाग २००५ च्या संहितेतही होता. बांबूच्या रचनेचे गणित कसे करायचे हे सांगणारे भारतीय मानक आयएस १५९१२ हे २०१२ मध्ये आले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. बांबूच्या चाचण्यांसाठी आयएस ६८७४ आहे, बांधकामातल्या बांबूवर प्रक्रिया कशी करावी यासाठी आयएस ९०९६ आहे. संहितेने बांबूच्या जातींचे ताकदीनुसार गट पाडले आहेत आणि वाकण्याच्या ताकदीवर ४ चा सुरक्षा गुणक लावला आहे. म्हणजे प्रयोगशाळेत बांबू जितका ताण सोसतो, त्याच्या चौथ्या हिश्श्यावरच आम्हाला घर उभे करायची मुभा आहे. आमच्या अभियंत्याने तेच केले आहे. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. इमारतीच्या मजबुतीसाठी तीही याच राष्ट्रीय संहितेकडे बोट दाखवते. आता नियम नाही तो कुठे? की आपल्या कपाटातली प्रत इतक्या वर्षांत कोणी उघडलीच नाही?

आणखी पुढे जाऊ. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाड ठरवले होते, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेतानाही शेतकरी वाहतूक परवान्यांच्या जाचात सापडायचा. २०१७ च्या दुरुस्तीने ९० वर्षांनी ती व्याख्या बदलली. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात बांबूला हिरवे सोने म्हटले गेले आणि राष्ट्रीय बांबू मिशनसाठी १,२९० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. आपल्या राज्यात अटल बांबू समृद्धी योजना आली. दर वर्षी १८ सप्टेंबरला बांबू दिनाची भाषणे होतात. बंगळुरूच्या विमानतळाचे दुसरे टर्मिनल २०२२ मध्ये खुले झाले, त्याचे छत बांबूने सजलेले आहे. विदर्भात वणी-वरोरा महामार्गावर २०२३ मध्ये २०० मीटर लांबीचा बांबूचा अपघातरोधक कठडा बसला. त्याआधी पीथमपूरला त्यावर गाड्या आदळून पाहिल्या गेल्या, रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत त्याची आगीची चाचणी झाली. तो कठडा वेगळ्या प्रक्रियेचा, वेगळ्या जातीचा, हे मला मान्य आहे. पण भरधाव वाहन अडवायला सरकार बांबूवर विसंबते आणि आपण पडवीची कौले पेलायलाही त्याच्यावर विश्वास टाकत नाही, याचे कारण तरी सांगा.

आपल्या अभियंत्यांच्या मनातली भीती मला कळते. बांबू म्हटले की त्यांना पोखरलेला मांडव दिसतो. सकाळी ओटी झाडताना वाशांखाली पिवळसर पिठाच्या छोट्या राशी दिसतात, वर पाहावे तर टाचणीच्या टोकाएवढी भोके. ही भीती खरी आहे. कीड पडते ती बांबूतल्या पिष्टासाठी. म्हणूनच आमच्याकडचे जुने लोक कोवळा बांबू कधी घराला लावत नसत. तीन-चार वर्षांचा पक्का बघून, पावसाळा सरल्यावर, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडत आणि नंतर वाहत्या पाण्यात बुडवून ठेवत. आज आम्ही त्यापुढे जातो. लांब सळईने आतल्या सगळ्या गाठी एकापाठोपाठ फोडतो, म्हणजे द्रावण शेवटच्या पेरापर्यंत पोचते. मग बोरिक आम्ल आणि बोरॅक्सच्या पाच-सहा टक्के द्रावणात बांबू टाकीत बुडवून ठेवतो आणि सावलीत उभे करून वाळवतो. गाठी फोडल्या नाहीत तर टाकीत महिनाभर ठेवूनही आतली बाजू कोरडीच राहते, आणि कीड आतूनच सुरू होते. आपल्या कार्यालयाने विचारायला हवे होते ते हे : गाठी फोडल्या का, द्रावण किती टक्क्यांचे, बांबूचे वय काय, जमिनीपासून उंची किती. असे विचारले असते तर मला आनंदच झाला असता. आयएस ९०९६ हातात घेऊन कोणी उलटतपासणी घ्यावी, याची मी वाट पाहते आहे.

या घरात एकही बांबू मातीत पुरलेला नाही. जांभ्याच्या चिऱ्याचे दीड फुटी जोते, त्यात बसवलेली सळई, त्या सळईवर खांब. खालचे पेर सिमेंटच्या मालाने भरलेले, म्हणजे बोल्ट आवळताना बांबू फुटत नाही. वळचण तीन फूट पुढे काढली आहे. पायात पाणी नको आणि अंगावर पाऊस नको, एवढे सांभाळले की प्रक्रिया केलेला बांबू छपराखाली वर्षानुवर्षे टिकतो. घराच्या बागेतला वेलींचा मांडव मात्र उघड्यावर आहे. बोरॅक्स पावसात धुऊन जातो, त्यामुळे तिथे वेगळी प्रक्रिया लागते आणि काही वर्षांनी वासे बदलावेही लागतात. हेही आम्ही अर्जात लिहिले आहे, लपवलेले नाही. भिंती कुडाच्या, दोन्ही बाजूंनी चुन्याच्या गिलाव्याच्या.

आगीचे म्हणाल, तर चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या इमारतीला २०२२ मध्ये लागलेली आग आपले अभियंते मला आवर्जून ऐकवतात. ती आग विसरून चालणार नाही. त्यातून धडा घ्यायचा तो स्वयंपाकघराच्या जागेचा, वायरिंगचा, उघड्या बांबूवर गिलावा देण्याचा आणि पाण्याच्या सोयीचा. या अटी घाला. लेखी घाला. आम्ही पाळू.

वारा आणि भूकंप यांबद्दल तर आपण कोकणात बसून बोलायलाच नको होते. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा नीट न बांधलेले पत्रे उडाले. हलके छप्पर जोत्याशी घट्ट बांधावे लागते, आणि आमच्या नकाशात प्रत्येक जोडाचा तपशील आहे. भूकंपात हलकेपणाच माणसाला वाचवतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला माणसे मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदे अंगावर कोसळून. १२ जून १८९७ च्या भूकंपानंतर आसामात लाकडी सांगाडा, इकरा नावाच्या गवताच्या भिंती आणि हलके छप्पर अशी घरे बांधायची पद्धतच पडली. कोलंबियात २५ जानेवारी १९९९ ला आर्मेनिया शहर हादरले. त्यानंतर त्या देशाने बांबूच्या घरांचे नियम बांधले आणि २०१० च्या भूकंपरोधक संहितेत तिथल्या ग्वादुआ बांबूला स्वतंत्र प्रकरण दिले. नैसर्गिक साहित्य म्हणून सगळेच सुरक्षित, असे मी म्हणत नाही. किल्लारीच्या भिंतीही दगडमातीच्याच होत्या. म्हणून तर गणित तपासा म्हणते.

आता आपण डोळे मिटून ज्याला परवानगी देता, ते पाहू. आपल्या हद्दीत गेल्या वीस वर्षांत उभ्या राहिलेल्या बंगल्यांच्या गच्च्यांवर नजर टाका. स्लॅब गळतो म्हणून त्याच्यावर लोखंडी सांगाडा आणि निळा-लाल पत्रा. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात सपाट छप्पर मंजूर करायचे, आणि मग त्याच्यावर दुसरे छप्पर घालायला लोकांना कर्ज काढायला लावायचे. खाऱ्या वाऱ्याने सळ्या गंजून स्लॅबचे तुकडे खाली पडतात. मे महिन्यात त्या स्लॅबखाली रात्री दोनलाही झोप लागत नाही. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८ टक्के उत्सर्जन एकट्या सिमेंटचे आहे. यातल्या एकाही बंगल्याला ‘बांधकाम साहित्याबाबत खुलासा करावा’ असे पत्र गेलेले नाही.

आणि ते आपले उद्यान! नगरपरिषदेच्या पैशाने केलेल्या बागेत सिमेंटचे कठडे बांबूच्या आकारात ओतले आहेत, पेरे कोरली आहेत, वर पिवळा-हिरवा रंग मारला आहे. दोन पावसाळ्यांत रंग उडाला, आतली जाळी उघडी पडली आणि मुले तिथे हात धरून चालतात. बागेपासून हाकेच्या अंतरावर बुरुडाचे घर आहे. त्याच्या हातून कुंपण, कमानी, बसायची छत्री, रोपांच्या ताट्या, सगळे झाले असते. दर काही वर्षांनी डागडुजीचे काम त्यालाच मिळाले असते आणि पैसा गावात राहिला असता. ‘दरसूचीत बाब नाही,’ हे त्यावर मिळालेले उत्तर मी अजून विसरलेले नाही. बाब नसेल तर दर मागवा, प्रस्ताव करा, तांत्रिक मान्यता घ्या. हे काम आपले आहे, बुरुडाचे नाही.

माणगा आमच्या बांधाबांधावर आहे. काटा नाही, बुंध्याकडे जवळपास भरीव, सरळ. तो ट्रक भरभरून घाटावर जातो आणि तिथे टोमॅटोला, द्राक्षाला आधार देतो. शेतकऱ्याच्या हातात पडते ते काठीचे मोल. हाच बांबू निवडून, प्रक्रिया करून घराला लागला तर त्याच बेटाचे मोल कितीतरी वाढते, आणि टाकीवर, सुतारकामावर, जोडकामावर गावातल्या पोरांना काम मिळते. आपल्या एका न झालेल्या सहीमुळे हे अडले आहे. शिक्षिका बाईंच्या आधी आलेले दोघे ग्राहक कंटाळून आरसीसीकडे वळले. त्यांच्या नकाशांवर आपल्या सह्या झाल्या त्या विनातक्रार.

२०११ च्या जनगणनेत बांबूची भिंत गवत, प्लास्टिक, पॉलिथिन यांच्या रांगेत तात्पुरती म्हणून मोजली गेली, हे मला माहीत आहे. ती यादी घरे मोजण्यासाठी होती, रचना तपासण्यासाठी नव्हती. तिच्या आधारे अभियंत्याचे गणित न वाचता बाजूला ठेवता येत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम ४५ आपण जाणता. परवानगी नाकारायची तर आदेशात कारणे लिहावी लागतात. अर्ज मिळाल्यापासून किंवा मागवलेल्या खुलाशाचे उत्तर मिळाल्यापासून, यांतले जे नंतरचे असेल तेव्हापासून ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमांत बसणाऱ्या अर्जाला परवानगी मिळाली असे मानले जाते. ६० दिवस भरत आले की एका ओळीची त्रुटी काढायची आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, हा त्या तरतुदीचा गैरवापर आहे. नकार लेखी मिळाला तर कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येते. आपण नकारही देत नाही आणि परवानगीही देत नाही, त्यामुळे तो रस्ताही बंद होतो. हे अज्ञानाने होत असेल असे मी आजवर धरून चालले होते. आता तसे वाटत नाही. निर्णय घेतला तर जबाबदारी येते, म्हणून तो टाळला जातो आहे.

मागणी सरळ आहे. संहितेचा ‘३ ब’ उपविभाग आणि आयएस १५९१२ समोर ठेवून ही गणिते तपासा. आपल्याकडे तपासणारा माणूस नसेल तर एखाद्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे पाठवा, शुल्क आम्ही भरू. आग, कीड, वारा यांबद्दल हव्या त्या अटी घाला. घरपट्टीच्या नोंदीत बांधकामाचा खरा प्रकार लिहा. आणि नाकारायचेच असेल, तर कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमाखाली नाकारता ते लिहून, सही-शिक्क्यासह, या त्रुटीला आमचे उत्तर मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत द्या. त्या कागदाची प्रत घेऊन आम्ही अपिलात जाऊ.

कळावे.

आपल्या हद्दीत काम करणारी
एक वास्तुविशारद