दारासिंगांचे दुसरे पीक

चैत्र लागला की गावोगावच्या जत्रा सुरू होतात. पहिल्या दिवशी पालखी, रात्री करमणूक आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा फड. रेवड्या-नारळावरच्या लहान पोरांच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि दिवस कलताना मोठी जोड लागते. या दिवसांत फिरतीवर गेलो की खताबियाण्याच्या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, थोरल्याचे अंग भरदार आहे. वस्ताद म्हणतात, तालमीत घाला. घालू का?"

पोराला तालमीत घालायचे म्हणजे घरातली एक म्हैस त्याच्या नावाने बांधायची. दूध, तूप, बदाम, थंडाई यांचा खर्च वर्षानुवर्षे सोसायचा, आणि शेतातले दोन कमावते हात कमी करायचे. त्यामुळे हा प्रश्न शेतीचाच आहे. त्याचे उत्तर आज एका शेतकऱ्याच्याच मुलाच्या गोष्टीतून देतो. त्यांचे नाव दारासिंग.

घरातल्या म्हाताऱ्यांना हे नाव नव्याने सांगायला नको. एखादा पोरगा फार अंग दाखवू लागला तर आपल्याकडे अजून म्हणतात, "मोठा दारासिंग लागून गेलास!" तरुणांना मात्र ते ठाऊक आहेत ते दूरदर्शनवरच्या 'रामायणा'तले हनुमान म्हणून.

दारासिंगांचा जन्म १९ नोव्हेंबर १९२८ चा. पंजाबात अमृतसर जिल्ह्यातले धर्मूचक हे त्यांचे गाव आणि घर शेतकऱ्याचे. विशीच्या आसपास ते पोटासाठी सिंगापूरला गेले आणि तिथे एका कारखान्यात कामाला लागले. उंची सहा फुटांच्या वर, खांदे बैलजोडीच्या जुवासारखे. तिथेच हरनामसिंग नावाचे वस्ताद भेटले आणि कुस्तीचा पेशा सुरू झाला. १९५० नंतर ते भारतात परतले आणि १९५४ साली त्यांना 'रुस्तम-ए-हिंद' हा किताब मिळाला.

इथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे. आपली कुस्ती हौद्यातली. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ केलेली असते, आणि पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली. दारासिंग ज्या कुस्तीत गाजले ती दोरखंडांनी बांधलेल्या चौथऱ्यावरची, तिकीट लावून होणारी व्यावसायिक कुस्ती. मुंबईत तिला 'फ्रीस्टाइल' म्हणत. तो शब्द आपल्या बोलीत इतका रुळला की आजही दोन गटांत हाणामारी झाली तर वर्तमानपत्र लिहिते, "फ्रीस्टाइल झाली!"

या कुस्तीत तमाशाही भरपूर असे. कोणी तोंडावर बुरखा घालून येई, कोणी नाव असे घेई की ऐकूनच पोरे घाबरावीत. त्यातला सर्वांत गाजलेला गडी म्हणजे 'किंगकाँग'. त्याचे खरे नाव एमिल चाया आणि मूळ हंगेरियन. वजन दोनशे किलोच्या आसपास, म्हणजे आपली ज्वारीची दोन पोती भरतील एवढे! या डोंगराला दारासिंगांनी उचलून गरगर फिरवल्याची हकिगत त्या काळी देशभर झाली. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंगांची कुस्ती असली की गर्दी लोटे. गिरणगावात सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातली माणसे होती. सुट्टीला गावी आली की चावडीवर बसून तीच कुस्ती ती पुन्हा हातवारे करून लावीत. आमच्या पिढीने दारासिंग पहिल्यांदा 'पाहिले' ते अशा सांगण्यातून.

आता कोणी विचारील, "ती कुस्ती खरी की ठरवलेली?" जगभरच्या व्यावसायिक कुस्तीत खेळ रंगवण्याचा भाग मोठा असतो, हे आता लपलेले नाही. दारासिंग पाचशे कुस्त्यांत हरले नाहीत असे सांगतात. अशा आकड्यांत जाहिरातीचा वाटा असतो, हे धरूनच ते ऐकावेत. २९ मे १९६८ रोजी मुंबईत त्यांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवून जागतिक विजेतेपद घेतले, तेव्हा थेझचे वय बावन्न होते आणि दारासिंगांचे एकोणचाळीस, हेही सांगायला हवे. पण दोनशे किलोचा माणूस उचलायला पाठ आणि मांड्या खऱ्याच लागतात. ते अंग जोर-बैठकांनी आणि पहाटेच्या मेहनतीने कमावलेले होते. तिथे ठरवाठरवी चालत नाही.

मला मात्र सांगायचे आहे ते पुढचे. १९५९ साली कलकत्त्यात कॅनडाच्या जॉर्ज गॉर्डियेंकोला हरवून दारासिंग राष्ट्रकुल विजेते झाले. नाव ऐन भरात होते. अशा वेळी माणसाला वाटते की हे असेच चालणार. दारासिंगांनी तसे धरले नाही. १९६२ साली बाबूभाई मिस्त्रींच्या 'किंगकाँग' या चित्रपटात ते नायक झाले. त्यांना धड अभिनय येत नव्हता आणि बोलण्यातला पंजाबी हेल शेवटपर्यंत गेला नाही. मोठ्या नायिका त्यांच्याबरोबर काम करायला फारशा पुढे येत नसत. मग तेव्हा नवखी असलेली मुमताज त्यांची नायिका झाली. १९६३ च्या 'फौलाद'पासून या जोडीने बरेच चित्रपट केले आणि पुढे मुमताज आघाडीची नटी झाली.

हे चित्रपट कमी पैशांत काढलेले असत. तलवारी, राक्षस, राजकन्या आणि मध्येच एक कुस्ती, असा सगळा मामला. शहाणे लोक नाक मुरडत. पण बाजाराच्या गावी तंबूतला सिनेमा आला आणि त्यात दारासिंग असले, तर बैलगाड्या जुंपून माणसे जात. दारासिंगांनी कोणत्याही कामाला कमी लेखले नाही. 'सिकंदर-ए-आझम' (१९६५) मध्ये ते सिकंदर झाले आणि समोर पोरस म्हणून पृथ्वीराज कपूर होते. राज कपूरच्या 'मेरा नाम जोकर' (१९७०) मध्ये ते सर्कशीत दिसले. 'आनंद' (१९७१) मध्ये वाट्याला आखाड्यातला पैलवान आला, तर तोही त्यांनी मनापासून केला. 'मर्द' (१९८५) मध्ये अमिताभ बच्चनचे वडील झाले. पंजाबी चित्रपट काढले आणि मोहालीत स्वतःचा स्टुडिओ उभा केला.

शेतकरी बंधूंनो, तुरीत आपण मूग का पेरतो? मूग साठ-पासष्ट दिवसांत निघतो आणि हातात चार पैसे देतो. तोवर तूर हळूहळू वाढत असते आणि मूग निघाल्यावर रान तिचे होते. पण दोन्हीची पेरणी एकाच वेळी करावी लागते. मूग काढल्यावर तूर पेरू म्हणणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पैलवानाचे अंग हे मुगाचे पीक आहे. विशीत भरते आणि पस्तिशीला उतरू लागते. दारासिंगांनी मूग फुलावर असतानाच तूर पेरून ठेवली होती.

१९८३ साली दिल्लीत त्यांनी कुस्तीला रामराम केला, तेव्हा वय चोपन्न होते. घरी बसायची पाळी आली नाही. जानेवारी १९८७ मध्ये रामानंद सागरांचे 'रामायण' सुरू झाले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी दारासिंग हनुमान झाले. रविवारी सकाळी मोटेची, मळ्याची कामे थांबत. गावात एखादाच टीव्ही असे आणि त्यापुढे सारी आळी जमे. कुठे त्या पेटीला हार घालीत, कुठे नारळ फोडीत. तालमीत ज्या मारुतीपुढे पैलवान डोके टेकतो, त्याचेच रूप एका पैलवानाला मिळाले. २००३ ते २००९ या काळात ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते. २००७ साली 'जब वी मेट' चित्रपटात ते आजोबा म्हणून दिसले. १२ जुलै २०१२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा वय त्र्याऐंशी होते.

याच्या शेजारी आपल्या गावचे चित्र ठेवून पाहा. कधी काळी चांदीची गदा खांद्यावर घेऊन मिरवलेला पैलवान आज गुडघे धरून देवळाच्या ओट्यावर बसलेला दिसतो. खुराकासाठी विकलेले रान परत आलेले नसते. जिंकल्या दिवशी ज्यांनी खांद्यावर घेतले, त्यांतले अर्धे आता चहालाही विचारीत नाहीत. दोष कुस्तीचा नसतो. पुढचे पीक पेरायचे राहून गेलेले असते. प्रत्येक पैलवानाला सिनेमा मिळणार नाही, हे उघड आहे. पण शाळा, नोकरीची परीक्षा, दुभत्या जनावरांचा गोठा, एखादे हातचे कसब, यांतले काहीतरी प्रत्येकाला पेरता येते. ऑलिम्पिकचे कांस्यपदक १९५२ साली आणणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधवही पुढे पोलीस खात्यात नोकरीला लागलेच.

तेव्हा थोरल्याला तालमीत जरूर घाला. मेहनत, शिस्त आणि निर्व्यसनी शरीर कुठेही वाया जात नाही. मात्र तीन गोष्टी पाळा. शाळा सोडू देऊ नका. खुराक घरच्या दूधदुभत्याचा ठेवा. झटपट अंग फुगवणारी इंजेक्शने आणि अनोळखी भुकट्या घराच्या उंबऱ्याआत येऊ देऊ नका. आणि पोरगा विसाव्या वर्षाला पोचला की एक दिवस त्याला शेजारी बसवून विचारा, "बाळा, पस्तिशीनंतर काय करायचे ठरवलेस?" माउल्यांनो, हा प्रश्न तुम्ही विचारलात तर अधिक चांगले. वस्ताद तो विचारतीलच असे नाही.

पुढच्या अंकी : खरिपापूर्वी घरच्या घरी बियाण्याची उगवण कशी तपासावी.