ध्वज हरपला कोणामुळे?
७ फेब्रुवारी २०१४ रोजी सोची येथील हिवाळी ऑलिंपिकच्या संचलनात शिवा केशवन, हिमांशू ठाकूर व नदीम इक्बाल यांना तिरंगा लाभला नाही; ते ऑलिंपिक ध्वजाखाली चालले. दोष त्यांचा नव्हता. भारतीय ऑलिंपिक संघटना डिसेंबर २०१२ पासून निलंबित होती. आरोप निश्चित झालेल्यांना निवडणुकीस मज्जाव करणारी घटनादुरुस्ती तिने वर्षभर रखडविली. संचालकांनी बँक बुडवावी आणि ठेवीदारांनी रांगेत तिष्ठावे, हा न्याय ठाणे-डोंबिवलीच्या पगारदारांस अपरिचित नाही!

निवडणूक झाली ९ तारखेस; त्याच दिवशी केशवनची ल्यूज शर्यत संपली. ११ तारखेस निलंबन उठले, उरलेले दोघे तिरंग्याखाली उतरले. ही निवडणूक केवळ आठवडाभर आधी घेण्यास कोणती अडचण होती?