मोज्याचा रंग कोणी ठरवायचा?



थंडी आली की आमच्या निफाड तालुक्याचं नाव पेपरात येतं. पारा उतरला, द्राक्षबागायतदार चिंतेत, बागेत शेकोट्या पेटल्या, ही बातमी दरवर्षी ठरलेली. त्याच दिवसांत आमच्या शाळेत पाचवीची मुलं कार्यानुभवाच्या तासाला लोकरीचे मोजे विणतात. विणायचं कसं ते आज सांगत नाही, त्याचे व्हिडिओ मोबाइलवर ढिगाने आहेत. मला लिहायचंय ते त्याच्या आधीच्या एका तासाबद्दल. रंग निवडण्याच्या तासाबद्दल. हा तास आपण बहुतेक जण घेतच नाही.

आपण काय करतो? बाजाराच्या दिवशी दुकानात जातो, नजरेला बरे वाटतील असे दोन-तीन रंगांचे गुंडे घेतो आणि वर्गात वाटून टाकतो. मुलींना गुलाबी, मुलांना निळा. उरलेल्यांना जे उरलं ते. मग मुलं आपण दिलेल्या लोकरीने, आपण सांगितलेल्या ओळी विणतात आणि आपण नोंदवहीत 'सर्जनशीलता' या रकान्यात शेरा लिहितो. मीही चार वर्षं असंच केलं. म्हणून हे कोणावर बोट दाखवून लिहीत नाहीये.

माझं मत बदललं ते एका मुलीमुळे.

पाचवीतली मुलगी. अभ्यासात मध्यम, बोलायला कमी. तिचे वडील पहाटे मोटारसायकलवरून गावोगावचं दूध गोळा करून डेअरीला घालतात. मी सगळ्यांना क्रीम आणि लाल लोकर दिली होती, कारण पुढच्या महिन्यात केंद्रावर प्रदर्शन होतं आणि टेबलावर एकसारखे मोजे शोभून दिसतील असा माझा विचार. ही मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, मला डाव्या मोज्याला पुढे काळी लोकर पाहिजे."

मी म्हटलं, "फक्त डाव्याला? दोन्ही मोजे सारखे नकोत का? प्रदर्शनात लोक हसतील ना बाळा."

ती काही बोलली नाही. क्रीम आणि लाल विणत बसली. मोजे सुंदर झाले, खोटं कशाला बोलू. केंद्रप्रमुखांनी हातात घेऊन पाहिले.

फेब्रुवारीत पालक सभा झाली तेव्हा तिचे वडील आले होते. पायात सँडल आणि दुकानातले जुने काळे मोजे. मी सहज विचारलं, "लेकीने विणलेले मोजे घालता की नाही?" ते हसून म्हणाले, "चांगले आहेत हो मॅडम. कपाटात जपून ठेवलेत. गाडीवर घालून खराब व्हायचे. गिअर टाकताना डाव्या पायाला काळं लागतं ना."

मी खाली पाहिलं. सँडलमधून दिसणाऱ्या डाव्या मोज्यावर, अंगठ्याच्या बरोबर वर, तेलकट चकचकीत डाग होता. गिअर वर उचलताना लिव्हर घासते तिथेच.

दहा वर्षांच्या मुलीने वडिलांचा पाय रोज पाहिला होता. डाग कुठे पडतो, का पडतो, एकाच पायाला का पडतो, यावर विचार केला होता. त्यावर उपाय शोधून ती माझ्याकडे आली होती. आणि मी, डी.एड. झालेली, दहा-बारा वर्षं नोकरी केलेली बाई, तिला प्रदर्शनाचं कारण सांगून परत पाठवलं. निरीक्षण, कारणमीमांसा, समस्या सोडवणं हे सगळं आपण अध्ययन निष्पत्तीत लिहितो. ते माझ्या टेबलापाशी येऊन उभं होतं आणि मला ओळखता आलं नाही.

त्या वर्षीपासून मी रंग ठरवत नाही.

आता 'मुलांना मोकळं सोडा' एवढं म्हणून मी थांबणार नाही, कारण मोकळं सोडूनही पाहिलंय. पुढच्या वर्षी दुकानातून बारा रंग आणले, टेबलावर मांडले आणि म्हटलं, घ्या. पाच मिनिटांत भगवा आणि चकचकीत गुलाबी संपला, दोन जणांची मारामारी झाली आणि राखाडी, बदामी, शेवाळी तसेच पडून राहिले. ज्याचा हात आधी पोचला त्याने उचललं, एवढंच झालं. निवडायला काहीतरी माहीत असावं लागतं. ते शिकवायला लागतं आणि ते शिकवता येतं, हेच मला सांगायचंय.

माझ्या तासाची सुरुवात आता लोकर न दाखवता होते. पहिला प्रश्न: मोजे कोण घालणार? दुसरा: कुठे घालणार? घरात गोधडीत, की गाडीवर, की चपलेत? तिसरा: धुणार कोण आणि कशी? मुलं घरी जाऊन पाहून येतात. एकाने सांगितलं, आजी मोजे घालून मागच्या दारी चुलीपाशी बसते, राख उडते, म्हणून राखाडी. एकीची आई द्राक्षाच्या पॅकहाऊसला जाते, तिथे दिवसभर उभं राहायचं आणि गारवा असतो. ती म्हणाली, "आईला कोणी बघत नाही, तिला आवडेल तो चालेल." मग आईला विचारून आली. आईने जांभळा सांगितला.

दुसऱ्या तासाला लोकर बाहेर येते आणि आम्ही व्हरांड्यात बसतो. का, ते साडी घेणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा. दुकानातल्या दिव्याखाली रंग एक दिसतो आणि दारात उजेडाला नेला की दुसरा. मुलांना आधी ट्यूबलाइटखाली दोन गुंडे दाखवते, मग तेच उन्हात. वर्गात काळा वाटलेला गुंडा बाहेर गडद निळा निघतो तेव्हा जो गलका होतो, तो विज्ञानाच्या पुस्तकातल्या प्रकाशाच्या पाठाला क्वचितच होतो.

मग एक प्रयोग. एकाच करड्या लोकरीचे दोन तुकडे कापायचे. एक पांढऱ्या कागदावर ठेवायचा, एक काळ्या. कोणता गडद? सगळे सांगतात, पांढऱ्यावरचा. तुकडे अदलाबदल करा, तरी पांढऱ्यावरचाच. तुकडा तोच, शेजार बदलला.

इथे मी मुलांना शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट सांगते. पॅरिसमध्ये गोबेलँ नावाचा भिंतीवरचे चित्रांचे पडदे विणणारा प्रसिद्ध कारखाना आहे. शेव्रल 1824 मध्ये तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख झाला. विणकरांची तक्रार होती की तुमचा काळा रंग काळा नाही, फिका पडतो. त्याने दुसरीकडची काळी लोकर आणून ताडून पाहिली. रंगात दोष नव्हताच. तो काळा धागा निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणला जात होता आणि शेजारामुळे डोळ्याला फिका वाटत होता. त्याच्यावर काम करत त्याने 1839 मध्ये रंगांच्या परस्पर परिणामावर जाडजूड पुस्तक लिहिलं. मुलांना यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे हा माणूस 102 वर्षं जगला. असो. पण मुद्दा त्यांच्या लक्षात राहतो. त्यानंतर "मॅडम, हा रंग घाण आहे" असं कोणी म्हणालं की दुसरं कोणीतरी म्हणतं, "शेजारी पिवळा ठेवून बघ."

रंग ठेवून बघण्यासाठी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची पट्टी पुरते. निवडलेली लोकर तिच्यावर गुंडाळायची, मोज्यात जेवढ्या ओळी हव्यात त्या अंदाजाने. सहा वेढे तपकिरी, दोन वेढे लिंबोणी, परत सहा तपकिरी. मग उलट करून, सहा लिंबोणी, दोन तपकिरी. रंग तेच, पण मोजा वेगळाच. दोन रंग एकमेकांत हरवतात की उठून दिसतात हे कळत नसेल तर मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढायचा. लाल आणि हिरवा आपल्याला कितीही वेगळे वाटले तरी दोन्ही सारखेच गडद असतील तर फोटोत एकच पट्टा दिसतो, नक्षी गायब.

लाल-हिरव्यावरून आठवलं. एक मुलगा पट्टीवर सतत चुकीचा गुंडा उचलायचा आणि बाकीचे हसायचे. मला आधी वाटलं, लक्ष नाही. नंतर लक्षात आलं की त्याला त्या दोन रंगांत फरकच नीट दिसत नसावा. असं मुलींपेक्षा मुलांमध्ये बरंच जास्त असतं, जन्मतः असतं, आणि पाचवीपर्यंत घरातही कोणाला कळलेलं नसतं. पालकांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवायला सांगितलं. वर्गात आता प्रत्येक गुंड्याला रंगाच्या नावाची चिठ्ठी असते. फक्त त्याच्याच गुंड्यांना नाही, सगळ्यांच्याच.

आणि या चिठ्ठ्यांनी भाषेचा तास आपोआप घडवला. दुकानदार गुंड्यावरचा नंबर सांगतो. मुलांना येतात ते लाल, निळा, हिरवा, 'डार्क' आणि 'लाइट'. मी सांगितलं, आजीला विचारून नावं आणा. मोरपंखी, डाळिंबी, आमसुली, अबोली, चिंतामणी, अंजिरी, वांगी, मोतिया, केतकी. आजीच्या लुगड्यांची अख्खी ट्रंकच वर्गात आली म्हणा. चिंतामणी म्हणजे नेमका कोणता, यावर दोन आज्यांमध्ये एकमत नव्हतं. मी त्यात पडले नाही.

वर्गात मेंढपाळ कुटुंबातला एक मुलगा आहे. तो मेंढीची खरी काळी लोकर घेऊन आला, आमच्या दख्खनी मेंढीची, जिची घोंगडी होते. बाकीची मुलं म्हणाली, याला लाल रंग देऊ. तो म्हणाला, "काळ्या लोकरीवर रंग चढत नाही. पांढरी पाहिजे." हे त्याला कोणत्या इयत्तेत शिकवलं होतं? ती लोकर टोचते, पायाला सोसवत नाही, म्हणून आम्ही मोज्याला वापरली नाही. पण त्या दिवशी वर्गाचा गुरुजी तो होता.

आता तुमच्या मनातले प्रश्न. वेळ कुठून आणायचा? दोन तास लागतात, तेही मी आनंददायी शनिवारी घेते. आणि गणित त्यातच होतं. मोठ्या माणसाच्या जोडीला साधारण 100 ग्रॅम लोकर लागते. गुंडा काट्यावर ठेवायचा, निम्मा उरला की पहिला मोजा संपवायचा. दुकानातून आणताना एका रंगाचे सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे आहेत ना, ते चिठ्ठीवर मुलंच वाचतात. लॉट बदलला तर तोच रंग किंचित वेगळा निघतो आणि मोज्यात मधेच आडवी रेघ दिसते. रंग जातो का हे पाहायला लाल आणि गडद निळ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवायचा. हे एकदा केलं नव्हतं. क्रीमचे मोजे पहिल्या धुण्यात गुलाबी झाले होते.

खर्च? मी वर्गासाठी अॅक्रिलिकच घेते. स्वस्त असते आणि गरम पाण्यात आटत नाही. मुलाने तीनपेक्षा जास्त रंग घ्यायचे नाहीत हा माझा नियम, त्यातला एक मातीला चालणारा. गावातून उरलीसुरली लोकर गोळा केली की निम्मं काम भागतं. मोजाही आम्ही सोपा विणतो. टाच नाही. दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी, शेवटी टाके दोऱ्यात ओवून ओढून घ्यायचे आणि बाजूने शिवायचं. तरीही गेल्या वर्षी 23 पैकी नऊ मुलांचीच जोडी पूर्ण झाली, बाकीच्यांचा एकेकच मोजा. चालतं.

पालकांना मात्र एक वेगळी विनंती आहे. एका मुलाने स्वतःसाठी डाळिंबी रंग निवडला होता. पट्टीवर चार वेळा गुंडाळून, शेजारी राखाडी ठेवून, विचार करून. दुसऱ्या दिवशी घरून निळा गुंडा आला आणि "मुलाला बायकी रंग देऊ नका" असा निरोप. मी त्या ताईंना फोन केला. त्याने काय काय करून तो रंग ठरवला ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे तो काही बोललाच नाही आम्हाला." मी म्हटलं, विचारून तर पाहा. घरात काय बोलणं झालं मला माहीत नाही. मोजा शेवटी डाळिंबी आणि निळा असा दोन्ही रंगांचा झाला आणि राखाडी गेला. मला तो राखाडीच बरा वाटला होता, पण माझं मत कोणी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलंही नाही.

प्रदर्शन यंदाही आहे. आमच्या टेबलावर मोजे एकसारखे नसतात, काही जोड्या तर आपापसातही जुळत नाहीत. प्रत्येक मोज्याखाली मुलाने लिहिलेली एक ओळ असते, हा कोणासाठी आणि हा रंग का. मागच्या खेपेला पाहुण्यांनी मोजे कमी पाहिले आणि चिठ्ठ्या जास्त वाचल्या.

ती मुलगी आता सातवीत आहे. मागच्या महिन्यात मी तिला उरलेल्या काळ्या लोकरीचा एक गुंडा दिला आणि सांगितलं की तेव्हा माझं चुकलं. ती म्हणाली, "राहू द्या मॅडम, पप्पांनी आता बूट घेतलेत." गुंडा मात्र घेऊन गेली.